सीआर, जीएस, एनएसएस आणि पुढची डॉक्टरकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

(रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक. उत्तरं वैद्यकीय शिक्षणात आणि ग्रामीण आरोग्यसेवेत काम करणाऱ्या आमच्या सल्लागार डॉक्टरांनी दिली आहेत.)

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. कॉलेजने तिला एनएसएसची गटप्रमुख केलं आहे. नीटचे क्लासही चालू आहेत. मेडिकलच्या ॲडमिशनला या पदाचा उपयोग होतो का? होत नसेल तर नाव काढून घ्यावं, असं घरात सगळे म्हणतात.
— एक पालक, लांजा

उत्तर : ॲडमिशनला उपयोग शून्य. नीटच्या 180 प्रश्नांचे 720 गुण असतात, त्यात गटप्रमुखपदाने एकही गुण वाढत नाही. पुढे नीट-पीजीलाही वाढत नाही. तसं कुणी क्लासच्या जाहिरातीत सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

उपयोग होतो तो बऱ्याच नंतर. साडेचार वर्षांचं एमबीबीएस आणि एक वर्षाची इंटर्नशिप संपवून चोविशीतली मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून बसते, तेव्हा नर्स, औषधनिर्माता, लॅब टेक्निशियन, उपकेंद्रांच्या आरोग्यसेविका आणि गावोगावच्या आशा या सगळ्यांचं काम तिला जुळवायचं असतं. डोंगराळ भागात असं एक केंद्र 20,000 लोकसंख्येसाठी धरतात. तिच्या हाताखालचे निम्मे लोक तिच्या आईच्या वयाचे असतात. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, यावर लेखी पेपर नसतो. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत, त्यातली एक ‘आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य’ अशी आहे खरी, पण ती वर्गात बसून अंगी येत नाही.

आमचा सल्ला : अकरावीला पद ठेवा, बारावीला सोडा. एनएसएसचं नियमित काम वर्षाला 120 तासांचं धरलेलं असतं, म्हणजे आठवड्याला अडीच तासांच्या आसपास. तेवढ्याने नीट बुडत नाही. सात दिवसांचं निवासी शिबिर मात्र टेस्ट सिरीजच्या तारखांशी ताडून पाहा. तिला एक काम पूर्ण स्वतःकडे मागून घ्यायला सांगा : शिबिराचा शिधा, किंवा हजेरी, किंवा वाडीतल्या घरांची यादी. नुसतं बॅनर धरून फोटोत उभं राहायचं असेल तर घरच्यांचं बरोबर आहे, नाव काढून घ्या.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असून वर्गाचा सीआर (वर्गप्रतिनिधी) आहे. पोस्टिंग (वॉर्डातली ड्युटी) बदललं, लेक्चर रद्द झालं की खापर माझ्यावर फुटतं. काही जणांना फोन करतो, बाकीच्यांना ग्रुपवर टाकतो, तरी दहा जण चुकीच्या ठिकाणी जातात. विभागप्रमुखांसमोर तर शब्दच फुटत नाही. यात माझा अभ्यासाचा वेळ वाया जातोय का?
— एक विद्यार्थी, सिंधुदुर्ग

उत्तर : वेळ वाया जात नाही. पण सध्या तुम्ही फक्त निरोप्या आहात. आधी ते बदला.

फोन बंद करा. फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा एक ग्रुप ठेवा आणि निरोपाचा साचा ठरवून घ्या : कोणती बॅच, तारीख, वेळ, जागा, काय बदललं, कुणी सांगितलं. उदाहरणार्थ, ‘सी बॅच, रोल नंबर 51 ते 75. उद्या 12 तारखेला ओपीडीऐवजी फीमेल मेडिसिन वॉर्ड, सकाळी 9. सरांनी तोंडी सांगितलं आहे, लेखी नोटीस अजून लागलेली नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पक्कं काय आणि कच्चं काय ते वेगळं सांगितलं की उद्या बदल झाला तरी तुम्ही खोटे पडत नाही.

मग प्रत्येक बॅचमधल्या एकाने उलट उत्तर द्यायचं. नुसतं ‘ओके’ किंवा अंगठा चालणार नाही. ‘सी बॅच, 9 वाजता, फीमेल मेडिसिन’ एवढं लिहायचं. हे पोरकट वाटेल. पण कॅज्युअल्टीत औषधाची तीव्र ॲलर्जी आलेला मोठा माणूस समोर असतो, तेव्हा डॉक्टर सांगतो ‘ॲड्रेनॅलिन अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत’ आणि सिस्टर म्हणतात ‘अर्धा मिली, मांडीत’, दिल्यावर पुन्हा ‘दिलं’. ॲम्प्युल एक मिलीचं असतं. उलट उच्चार झाला नाही तर घाईत ते अख्खं जाऊ शकतं, किंवा दोघींना वाटतं दुसरीने दिलं आणि कुणीच दिलेलं नसतं. ही सवय वर्गाच्या ग्रुपवर लागली तर फुकटात लागली.

विभागप्रमुखांसमोर जाताना चार वाक्यं कागदावर लिहून जा : आत्ता काय झालं आहे, त्यामागचं कारण, तुमचा अंदाज, तुमची मागणी. ‘सर, सी बॅचचं वॉर्ड पोस्टिंग आणि फार्माकॉलॉजीची इंटर्नल परीक्षा एकाच सकाळी आली आहे. इंटर्नलची तारीख आधी जाहीर झाली होती. पंचवीस जणांची प्रॅक्टिकलची हजेरी 80 टक्क्यांच्या खाली जाईल असं दिसतं. पोस्टिंग दुपारी घेता येईल का?’ एवढं पुरे. गाऱ्हाणं नको, प्रस्तावना नको.

रुग्णालयांत ही पद्धत एसबार (SBAR, म्हणजे परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी) नावाने शिकवतात. इंटर्न असताना रात्री दोनला वरिष्ठांना फोन कराल तेव्हा हीच चार वाक्यं लागतील : ‘बेड सातच्या बाईंचं बीपी 80 वर आलं आहे. काल दुपारी सिझेरियन झालं. आत रक्तस्राव होत असावा असं वाटतं. तुम्ही आत्ता यावं.’ नवे डॉक्टर चुकतात ते बहुतेक चौथ्या वाक्यात. माहिती भरपूर देतात, मागणी करतच नाहीत, आणि पलीकडचे अर्धवट झोपेत ‘बरं, लक्ष ठेव’ म्हणून फोन ठेवतात.

आणखी एक गोष्ट. गैरहजर मित्राची हजेरी लावायला सांगतील. नाही म्हणा, आणि पहिल्याच वेळी म्हणा. न मोजलेलं बीपी केसपेपरवर लिहायला मन धजावतं, त्याची सुरुवात इथून होते.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एनएसएस युनिटला रक्तदान शिबिर घ्यायचं आहे. दोनशे बाटल्यांचं लक्ष्य ठरलं आहे. संयोजनाची जबाबदारी आम्हा चार विद्यार्थ्यांवर आहे, चौघांनाही वैद्यकीय क्षेत्रात जायचं आहे. कुठून सुरुवात करावी?
— चार स्वयंसेवक, दापोली

उत्तर : सुरुवात दोनशेचा आकडा खोडण्यापासून करा. संपूर्ण रक्त 2 ते 6 अंश तापमानात नेहमीच्या पिशवीत 35 दिवस टिकतं. एकाच दिवशी गरजेपेक्षा जास्त जमवलं तर महिन्याभराने काही पिशव्या टाकून द्याव्या लागतात आणि तेव्हाच नेमका तुटवडा असतो. म्हणून आधी परवानाधारक रक्तकेंद्राला विचारा : तुमचं पथक दिवसात किती जणांचं रक्त घेऊ शकतं, आणि तुम्हाला कधी लागतं? साठसाठ जणांची तीन शिबिरं अंतराने घेणं दोनशेच्या एका शिबिरापेक्षा चांगलं. बातमीत तो आकडा लहान दिसेल. दिसू द्या.

तारीख निवडताना आपल्याकडचं वर्ष पाहा. मे महिन्यात कॉलेजं बंद असल्याने रक्ताची चणचण असते, पण त्याच महिन्यात चाकरमानी गावात असतात. वाडीच्या मंडळांना हाताशी धरलं तर मेमधलं शिबिर सोनं आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हर्णैसारख्या बंदरात माणसं घरी भेटतात. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत चुकूनही घेऊ नका.

चौघांत कामं अशी वाटा : एक रक्तकेंद्र आणि परवानग्यांसाठी, एक जागेसाठी, एक दात्यांच्या यादीसाठी, एक रक्तदानानंतरच्या विश्रांतीच्या खोलीसाठी. प्रत्येकाच्या कामाला तारीख लावा. ‘सगळ्यांनी मिळून करू’ असं ठरलेलं काम कुणीच करत नाही.

जागा तळमजल्यावर, हवेशीर, पंखे चालतील अशी हवी. वीज जाणार हे धरूनच जनरेटर किंवा इन्व्हर्टरची सोय करा. यादीतल्या दात्यांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा द्या. वेळा दिल्या नाहीत की उद्घाटनाच्या भाषणानंतर सगळे एकदम रांगेत येतात, अकरा ते एक रेटारेटी, दुपारी पथक रिकामं. रांगेत तासभर उभा राहिलेला उपाशी मुलगाच पुढे चक्कर येऊन पडतो. आदल्या दिवशीच्या निरोपात ‘नीट जेवून या, पाणी पिऊन या’ हे ठळक लिहा.

रक्त कुणाचं घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार रक्तकेंद्राच्या डॉक्टरांचा, तुमचा नाही. पण ढोबळ नियम ठाऊक असले तर यादी नीट होते : वय 18 ते 65, हिमोग्लोबिन किमान 12.5, वजन किमान 45 किलो. साधारण 350 मिली घेतात, 55 किलोच्या वर वजन असेल तर 450 मिलीही. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावं.

हिमोग्लोबिनमुळे बऱ्याच मुलींना परत पाठवलं जाईल. इथे तुमची खरी परीक्षा. कुणाला का नाकारलं हे टेबलापलीकडे जाता कामा नये. प्रश्नावलीत खाजगी प्रश्न असतात, म्हणून ते टेबल आडोशाला लावा आणि तिथे मित्रमंडळींना घुटमळू देऊ नका. नाकारलेल्या मुलीला ‘तुला नाही जमणार’ म्हणून वाटेला लावू नका. तिला चहा-बिस्किट द्या आणि रक्तक्षयाची तपासणी कुठे, कोणत्या वारी होते याची चिठ्ठी हातात द्या. ज्याचं काम झालं नाही त्याला कसं परत पाठवावं, हे ओपीडीत रोज लागतं.

रक्तदानानंतर पंधरा-वीस मिनिटं बसवणं सक्तीचं करा. चक्कर आली तर माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, गर्दी हटवा आणि पथकाच्या डॉक्टरांना बोलवा. उभं धरून पाणी पाजू नका, हीच चूक सगळे करतात. विश्रांतीच्या खोलीतला स्वयंसेवक दाराकडे तोंड करून बसू दे, कारण माणूस पडतो तो बहुतेक उठून बाहेर निघताना.

संध्याकाळी सामान आवरण्याआधी चौघे वीस मिनिटं बसा. किती आले, किती नाकारले, किती जणांना चक्कर आली, रांग कुठे तुंबली, एवढंच एका पानावर लिहा आणि ते पान पुढच्या वर्षीच्या मुलांना द्या. मोठ्या रुग्णालयांत अडचणीच्या केसनंतर अशीच बैठक होते. कोण चुकलं हे विचारायला लागलात की पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही. काय चुकलं एवढंच विचारा.

प्रश्न : मला स्टेजची भीती वाटते. पुढारी होणारी मुलंच चांगले डॉक्टर होतात का?
— बारावीची विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : नाही. गॅदरिंगचा माइक सगळ्यांना दिसतो, पण डॉक्टरकीला त्याहून जास्त उपयोगी पडतात हिशेब ठेवणारे आणि वेळेवर येणारे. तुम्ही खजिनदार व्हा. तरीही पाच माणसांसमोर स्पष्ट बोलता यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या 19 मुद्द्यांच्या तपासणी यादीत, छेद घेण्याआधी पथकातल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे ‘थांबा, बाजू चुकतेय’ म्हणायला कचरत नाही, हा त्यामागचा विचार.

प्रश्न : अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी (पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) अर्ज करायचा आहे. कॉलेजातली आठ-नऊ पदं आहेत. सगळी लिहावीत का?
— इंटर्न, रायगड

उत्तर : तिथल्या इरास (ERAS, रेसिडेन्सीची ऑनलाइन अर्जसेवा) अर्जात एकूण दहा अनुभवांची जागा असते आणि त्यातले तीन महत्त्वाचे म्हणून वेगळे मांडायचे असतात. नोकरी, संशोधन, सेवाकार्य सगळं त्या दहांतच बसवायचं. तेव्हा पदांची यादी नको. जिथे वर्षभर टिकलात ते एखादं घ्या आणि काम लिहा : मेसचा सेक्रेटरी असाल तर किती मुलांची मेस, काय बिघडलं होतं, तुम्ही काय बदललं, तुमच्यानंतर ते टिकलं का. मुलाखतीत खोदून विचारतात. नुसतं नाव असलेलं पद तिथे अंगलट येतं.

प्रश्न : बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेसाठी) पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतोय. स्टाफ वीस-वीस वर्षांचा जुना आहे. कॉलेजात जीएस (विद्यार्थ्यांचा सरचिटणीस) होतो, तरी धास्ती वाटते.
— एक डॉक्टर, गुहागर तालुका

उत्तर : जीएस असताना मुलांनी तुम्हाला निवडून दिलं होतं. इथे तुम्हाला ऑर्डर घेऊन आलेला नवा साहेब म्हणून पाहतील. मेस किंवा शिबिर चालवलं असेल तर तो अनुभव जास्त कामी येईल.

पहिले पंधरा दिवस पद्धती बदलू नका. प्रत्येक उपकेंद्रावर जा, आरोग्यसेविकांकडून कोणत्या वाडीला पावसात रस्ता राहत नाही ते विचारून घ्या. चूक दिसली तर केबिनमध्ये एकट्याला सांगा, मासिक सभेत आशांसमोर कधीच नाही. सभेत ठरलेल्या प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख लिहा, पुढच्या सभेची सुरुवात त्याच कागदाने करा.

तीन गोष्टींना मात्र पहिल्याच दिवशी हात घाला. लसींच्या आयएलआरचं (लसी ठेवण्याच्या खास फ्रिजचं) तापमान 2 ते 8 अंशांत आहे का आणि नोंद सकाळ-संध्याकाळ खरोखर पाहून होते का, की आठवड्याची एकदम भरली जाते. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) कोरड्या जागी, झाकून आहे का : ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं, दमट हवेत ते उडतं, मग विहिरीत पावडर पडूनही ओटी टेस्टला (पाण्यातलं क्लोरीन तपासणाऱ्या चाचणीला) पिवळा रंग येत नाही. आणि सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, मुदत कधीची आहे. फुरसं चावलेला माणूस रात्रीच येतो, आणि सुरुवातीलाच दहा कुप्या लागतात.

सापाच्या विषाने रक्त गोठणं थांबलं आहे का हे दाखवणारी वीस मिनिटांची चाचणी रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरला करता येते का, तेही पाहा. 2 मिली रक्त, कोरडी नवी काचेची टेस्ट ट्यूब, वीस मिनिटं न हलवता. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली की निष्कर्ष चुकतो. स्वतः एकदा करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या. नळ्यांचं पाकीट कुठे ठेवायचं ते त्यांनाच ठरवू द्या, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी ते सापडेल.