तपकिरी टूर्मलीनचा स्फटिक घरच्या घरी कसा ओळखावा?

प्रदर्शनात टूर्मलीन (रत्न म्हणूनही वापरलं जाणारं खनिज) म्हणून घेतलेला बोटभर तपकिरी स्फटिक धुरकट क्वार्ट्झ, म्हणजे तपकिरी झाक असलेली गारगोटी तर नाही ना, ही तुमची शंका रास्त आहे. फक्त रंगावर जाऊ नका, तपकिरी खनिजं ढीगभर आहेत.

आधी स्फटिक टोकाकडून बघा. टूर्मलीनचा आडवा छेद बाजू फुगलेल्या त्रिकोणासारखा असतो आणि अंगावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात. क्वार्ट्झचा छेद षट्कोनी, रेघा आडव्या. बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो. तुटलेली जागा असेल तर तीही बघा. हॉर्नब्लेंड हे असंच दिसणारं गडद खनिज दोन ठरावीक दिशांना सपाट फुटतं, टूर्मलीन वेडंवाकडं फुटतं. मोह्स मापावर काठिन्य ७ ते ७.५ असल्याने टूर्मलीन काचेवर सहज ओरखडा काढतं, पण क्वार्ट्झही काढतं. त्यामुळे या कसोटीने तुमची शंका फिटणार नाही.

माझा सगळ्यात जास्त भरवसा वजनावर आहे. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घ्या. स्फटिक कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला स्फटिक पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. कोरड्या वजनाला या नव्या आकड्याने भागा. ३१ ग्रॅमचा स्फटिक पाण्यात १० दाखवत असेल तर विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड ते) ३.१, म्हणजे टूर्मलीनला साजेसं. क्वार्ट्झ असता तर २.६५ च्या आसपास आलं असतं, स्टॉरोलाइट हे दुसरं तपकिरी खनिज असतं तर ३.७ च्या वर. मात्र स्फटिकाला अभ्रक किंवा दुसरा दगड चिकटलेला नको, चिकटलेल्या बुडबुड्यांनीही आकडा बिघडतो.

कडेने उजेड आरपार जात असेल तर लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, स्फटिक त्यासमोर आडवा धरा आणि घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरवा. टूर्मलीन एका स्थितीत फिकट पिवळसर, तर काटकोनात वळवल्यावर गडद तपकिरी होतं. फार सुंदर दिसतं ते! धुरकट क्वार्ट्झमध्ये हा फरक जेमतेम जाणवतो.

तापवून मात्र बघू नका. तापलेलं टूर्मलीन राख ओढतं हे खरं आहे, श्रीलंकेहून हे खडे नेणाऱ्या डचांनी त्याला ‘राख ओढणारा’ असंच नाव दिलं होतं. पण तापवताना चांगला नमुना तडकू शकतो.

नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘ड्रॅव्हाइट’ हे टूर्मलीनच्या एका प्रकाराचं नाव लिहिण्याची घाई नको. युरोपातल्या द्रावा नदीवरून १८८४ मध्ये खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांनी हे नाव दिलं ते मॅग्नेशियमयुक्त टूर्मलीनला. टूर्मलीनचाच दुसरा प्रकार, कॅल्शियमयुक्त युव्हाइटही तपकिरी असतं आणि हाताने, डोळ्यांनी दोन्ही वेगळी करता येत नाहीत, त्याला रासायनिक पृथक्करणच लागतं. स्फटिक अभ्रकी शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकातला असेल तर ड्रॅव्हाइटची शक्यता जास्त, संगमरवरातला असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या यिनिथाराचे प्रसिद्ध ड्रॅव्हाइट शिस्टमधलेच.

विक्रेत्याने स्फटिक दख्खनच्या बेसाल्टमधल्या (काळ्या पाषाणातल्या) झिओलाइट खनिजांसोबत सापडल्याचं सांगितलं असेल, तर ते मला पटणार नाही, टूर्मलीनची ती जागा नव्हे. टोकाकडून काढलेला फोटो आणि काट्यावरचे दोन्ही आकडे इथे टाका, मी बघतो.