सदस्यत्व आणि ‘आम्ही’चा ‘मी’

ब्रिटनमध्ये आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे इमारतीच्या रचनेची तांत्रिक बाजू सांभाळणारा व्यावसायिक, म्हणून यायचे तुम्ही ठरवले आहे, आणि सीआयएटी या त्यांच्या व्यावसायिक संस्थेचे सदस्यत्व पुण्यात असतानाच घ्यावे का, त्याचा नोकरीला खरोखर उपयोग होतो का, असे विचारले आहे. व्हिसा, शुल्क आणि अर्जाचे टप्पे अधिकृत ठिकाणी मिळतील. मी बर्मिंगहॅममध्ये बारा वर्षे काढल्यावर जे उरले आहे तेवढेच लिहितो.

पहिली नोकरी सदस्यत्वामुळे मिळत नाही, हे आधीच सांगतो. मला मुलाखतीत भिंतीचा छेद काढायला लावला. आयुष्यभर नऊ इंची वीटभिंत, प्लास्टर आणि छज्जा काढलेला माझा हात पोकळी सोडलेली दुहेरी भिंत काढताना अडखळला, आणि खिडकीवरच्या लिंटेलपाशी आत शिरलेले पाणी बाहेर काढणारा कॅव्हिटी ट्रे मी दाखवलाच नाही. पुढे संस्थेच्या विभागीय बैठकीत एका वयस्कर बाईंनी पाकिटाच्या पाठीवर तो ट्रे, त्याची वर वळणारी कड आणि विटांमधील निचऱ्याच्या फटी काढून दाखवल्या. ते पाकीट मी अजून जपले आहे. एकटेपणाबद्दल वेगळे लिहीत नाही, दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत सवय होते. फक्त एवढेच, की त्या वर्षी ऑफिसबाहेर माझे नाव नीट उच्चारणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

खरा सल आहे तो उपाधीचा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी करून मी दारावर ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावली होती. येथे १९९७ च्या कायद्यानुसार तो शब्द एआरबी या आर्किटेक्टांच्या नोंदणी मंडळाकडे नोंद असलेल्यांनाच व्यवसायात वापरता येतो. ती वाट नव्याने चालण्याइतके पैसे माझ्याकडे नव्हते. आई अजूनही नातेवाइकांना ‘आमचा आर्किटेक्ट’ असे सांगते, आणि मी तिला दुरुस्त करत नाही. म्हणून सुरुवातीला सीआयएटीकडे मी दुय्यम दार म्हणून पाहिले, आणि ती माझी चूक होती. १९६५ मध्ये तंत्रज्ञांची सोसायटी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला २००५ मध्ये राजसनद मिळाली. तिचा चार्टर्ड, म्हणजे पूर्ण पात्रतेचा, सदस्य, व्यावसायिक विमा घेऊन, स्वतःच्या नावाने ग्राहकाचे काम आराखड्यापासून ताब्यापर्यंत नेऊ शकतो. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीला २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर आणि २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टनंतर तर, हे काम करण्यास तुम्ही सक्षम कशावरून, असे उघड विचारले जाते. चार्टर्ड सदस्याच्या नावापुढची ‘एमसीआयएटी’ ही अक्षरे आणि दरवर्षीच्या अभ्यासतासांची नोंद तेथे कामी येते.

मला मात्र ती अक्षरे मिळवायला सहा वर्षे उशीर झाला. थोडा दोष मुलीच्या शाळेचा होता: घराजवळच्या शाळेत जागा नाही म्हणून तिला दोन बस बदलून जावे लागणारी शाळा मिळाली, पत्नीने त्यासाठी नोकरी सोडली, आणि संध्याकाळी कामाचे पुरावे जुळवायला बसण्याचे त्राण माझ्यात उरत नसे. पण मोठा दोष माझ्या भाषेचा होता. चार्टर्ड सदस्यत्वाच्या अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे ‘आम्ही ठरवले’, ‘आम्ही बदलले’ असे लिहिले होते, आणि तो वाचणाऱ्याने समासात प्रत्येक ठिकाणी ‘तुम्ही काय केले?’ असे लिहून परत दिले. आपल्या ऑफिसात ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे, सगळे सरांचे. येथे ‘आम्ही’ म्हटले की तुम्ही काहीच केले नाही असे धरतात. माझ्याच आठ वर्षांच्या कामात मी कोठे होतो, हे शोधताना मला रडू आले.

म्हणून असोसिएट, म्हणजे चार्टर्डच्या आधीच्या पायरीच्या, सदस्यत्वाचा अर्ज आताच करायला हरकत नाही, पण त्याहून आधी आजपासून एक वही ठेवा: कोणता तपशील तुम्ही काढला, साइटवर काय चुकले, कोणता निर्णय तुमचा होता आणि का. आणि सरांकडून कामाच्या तारखांसह, लेटरहेडवर, सहीचे पत्र निघण्यापूर्वी मागून घ्या. माझ्या सरांनी ते हसत दिले असते. पत्र मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटून मी मागितले नाही. मला त्याची गरज पडली तेव्हा सर नव्हते, आणि त्यांचे ऑफिस असलेला वाडाही पाडला गेला होता.