जब्दीच्या मुलांची आई

'मावशी, सलाम. आम्ही मूळचे नगरचे, चौदा वर्षांपासून कॅनडात, मिसिसागाला आहोत. मुलाने दोन वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, आता नाही जमत. सध्या तो एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकतोय. महिन्यातून एकदा आमची मराठी ख्रिस्ती संगती प्रार्थनेला कुणाच्या तरी घरी जमते. साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली की कुणाचं नवं घर, कुणाच्या मुलीचा मेडिकलचा प्रवेश. "प्रभूने आशीर्वादित केलं." मी मान खाली घालून बसते. मागच्या वेळी सगळे आमच्याकडे होते, तेव्हा दाराजवळची त्याची हत्यारांची पिशवी मी गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. त्याने पाहिलं, बोलला काहीच नाही. सासूबाई फोनवर विचारतात, "मंडळीत कुणी विचारलं तर काय सांगू?" आमचं कुठे चुकलं?'

सलाम. पत्र मिटलं तरी ती पिशवी काही डोळ्यांसमोरून जात नाही. पण आधी सासूबाईंची बाजू घेते, कारण त्यांची बाजू घेणारं तुमच्या घरात सध्या कुणी दिसत नाही.

नगर जिल्ह्यातल्या आपल्यापैकी कितीतरी घरांची गोष्ट एकच आहे. पणजोबा गावकुसाबाहेरचे. मिशनच्या शाळेत पाटी हातात आली, मग पोरांपैकी कुणी मास्तर झालं, कुणी नर्स, कुणी पाळक. गावाने ज्या हातांना नुसतं राबवून घेतलं, त्या हातांनी लेखणी धरली. अशा घरात 'शीक' हा शब्द 'आमेन'इतक्याच वेळा कानावर पडतो. त्या घरातला नातू पुन्हा हातात हत्यार घेतो म्हटल्यावर आजीच्या पोटात कालवणारच. त्यात हाव नाही, मोठेपणाची हौसही नाही. मागे ढकललं जाण्याची भीती आहे, आणि ती तिने कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही.

गोंधळ झालाय तो आपल्या पिढीचा. शिक्षणाने माणसाला मान मिळाला हे खरं, पण परदेशात आल्यावर त्याच पट्टीने आपण देवाची कृपा मोजायला लागलो. पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला, घर झालं, मुलगी डॉक्टर होणार. आभार जरूर मानावेत, मीही मानते. पण दर महिन्याला साक्ष एवढीच असेल, तर ज्याची नोकरी गेलीय त्याने त्या खोलीत काय समजायचं? देवाने त्याच्यापुरता हात आखडता घेतला? असं तोंडाने कुणी म्हणत नाही. समोशांची प्लेट फिरत असताना ते आपोआप ऐकू येतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 20वा अध्याय काढा. जब्दीची दोन मुलं येशूचे शिष्य. त्यांची आई दोघांना घेऊन येशूकडे येते, पाया पडते आणि मागते: तुझ्या राज्यात माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. (मार्काच्या शुभवर्तमानात हीच मागणी मुलं स्वतः करतात. मत्तयाने आईला पुढे केलंय. मला मत्तयाचं जास्त पटतं, मीही आई आहे.) येशू तिच्यावर चिडत नाही. तुम्ही काय मागता हे तुम्हाला कळत नाही, एवढंच म्हणतो, आणि पुढे सांगतो की ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. या बाईची गोष्ट इथे संपली असं आपण धरून चालतो. पण 27व्या अध्यायात वधस्तंभावरच्या येशूच्या उजवीकडे आणि डावीकडे दोन लुटारू आहेत, आणि दुरून पाहणाऱ्या बायकांमध्ये मत्तय नाव घेऊन सांगतो: जब्दीच्या मुलांची आई. आपण कोणत्या जागा मागितल्या होत्या, हे तिला तिथे उभं राहून कळलं असेल. तरी ती निघून गेली नाही.

दुसरी गोष्ट तुम्हाला पाठ असेल, धनी आणि तीन दासांची: धनी परदेशी जाताना एकाला पाच टॅलेंट सोपवतो, एकाला दोन, एकाला एक, आणि परतल्यावर हिशेब मागतो. 'टॅलेंट' हा शब्द आपली मुलं शाळेतून घरी आणतात, तो आजच्या अर्थाने त्याच गोष्टीतून इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ कला किंवा हुशारी असा नव्हता. ते चांदीचं वजन होतं, सुमारे 6,000 दिनार. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे ज्याला एकच मिळालं, त्याच्याही हातात जवळजवळ वीस वर्षांची मजुरी होती. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी जी शाबासकी देतो, ती शब्दाला शब्द एकच आहे. आपल्या संगतीत दहावाल्यासाठी केक आला असता. आणि तिसऱ्याने पैसे पुरले ते कशामुळे? तोच सांगतो, भीतीमुळे. घरातल्या मुलाने आपल्याला काय येतं हे आईपासून लपवायला लागू नये, म्हणून हे सांगितलं.

केडगावच्या मुक्ती मिशनचं उदाहरण तर आपल्या घरचंच. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घातली, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. जिच्यावर पुढची सगळी भिस्त होती ती त्यांची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं ते त्यांच्या पश्चात, आणि आज आपल्या बहुतेक मंडळ्यांत वाचतात ते भाषांतर दुसरंच आहे. ही साक्ष तुमच्या संगतीत कुणी उभं राहून दिली असती, तर लोकांनी काय तोंड केलं असतं, मला सांगा.

म्हणून मुलगा इलेक्ट्रिशियन झाला की जास्त पवित्र झाला असं मी म्हणणार नाही. येशू सुतार होता हे नाताळात ऐकायला गोड लागतं, पण वायरिंगमध्ये ढिलाई करणारा ख्रिस्ती इलेक्ट्रिशियन हा ढिला इलेक्ट्रिशियनच. त्याला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. काम नीट करतोस का? भिंतीआड कुणाला दिसणार नाही तिथेही? साहेब शिव्या देतो तेव्हा काय करतोस? तुमच्या ऑन्टॅरिओत हे शिकणं पुरं व्हायला सुमारे 9,000 तास लागतात, साधारण पाच वर्षं. इंजिनिअरिंग सोडलं म्हणून तो धरसोड करणारा ठरत नाही. तो 9,000 तास टिकतो का, हे बघा आणि टिकावा म्हणून प्रार्थना करा.

आणि त्याची माफी मागा. पिशवीबद्दल. मराठीत मागा, 'सॉरी बेटा' म्हणून उरकू नका. तो 'इट्स ओके' म्हणून खोलीत जाईल, तरी बोलून टाका.

संगतीत पुढच्या वेळी उठून एकदाच सांगा: आमच्याकडे हे वर्ष अवघड गेलं, मुलाच्या मार्गासाठी प्रार्थना करा. माझा अनुभव असा की एकजण असं बोललं की पुढच्या महिन्यात आणखी दोघं बोलतात. मेडिकलवाल्या घरातही काहीतरी झाकलेलं असतंच.

सासूबाईंना तुम्ही समजावू नका, मुलालाच फोन करू द्या. उन्हाळ्यात तुमच्याकडे शनिवारी रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा नगरला रविवारची सकाळ, साडेसहा. त्या चहा घेऊन उपासनेची तयारी करत असतील. त्याला म्हणावं, व्हिडिओ लाव आणि ती पिशवी आजीसमोर उघड, एकेक हत्यार दाखव, कशाला काय म्हणतात ते सांग. मराठी शब्द अडले तर त्या सांगतील. पक्कड, पाना, पेचकस त्यांना ठाऊक आहेत.