मॉरोविंड ते स्कायरिम: सोपं करताना गेलं काय?

तुम्ही विचारलंय की स्कायरिम हा व्हिडिओ गेम मनापासून आवडला म्हणून त्याच मालिकेतला जुना मॉरोविंड घेतला, पण तासाभरात वैतागून बंद केला. मग जुने लोक त्याचं एवढं कौतुक का करतात, आणि मालिका नव्या खेळाडूंसाठी बदलली ते बरं झालं की वाईट?

माझं मत आधीच सांगतो. एल्डर स्क्रोल्स या मालिकेतून जे काढून टाकलं त्यातलं बरंचसं जायलाच हवं होतं. पण वाट सांगायची पद्धत गेली, ती जायला नको होती.

तुमचा वैताग बहुतेक लढाईमुळे असणार. मॉरोविंड 2002 चा. त्यात तलवार खेकड्याच्या आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, तरी वार हुकतो, कारण प्रत्येक वाराला आत एक फासा पडतो. त्या शस्त्रातलं तुमचं कौशल्य आणि अंगात उरलेला दम, दोन्ही त्यात मोजलं जातं. पळालं की दम जातो. नवीन माणूस गावाबाहेर पडला की पळत सुटतो, दम संपलेल्या अवस्थेत पहिल्या शत्रूला भिडतो आणि वारावर वार फुकट जातात. 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये, म्हणजे मालिकेच्या पुढच्या भागात, हा फासा काढला. वार लागला म्हणजे लागला; इजा किती झाली ते कौशल्यावर ठरतं. हा बदल योग्यच होता. कौशल्यांची संख्या 27 वरून 21 आणि स्कायरिममध्ये 18 वर आली, त्याचंही मला दुःख नाही.

आता वाटेबद्दल. मॉरोविंडमध्ये सुरुवातीलाच बालमोरा गावातला एक जण तुम्हाला आर्कंगथांड नावाच्या पडक्या अवशेषांतून एक छोटी चौकोनी पेटी आणायला सांगतो. नकाशावर बाण येत नाही. तो तोंडी सांगतो: गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पड, नदी ओलांड, पाटी बघून चढ चढ, मग जुन्या पुलावरून दरी पार कर. तिथे पोचलात तरी दार आपोआप उघडत नाही. जवळच्या पाइपवरचा दांडा फिरवावा लागतो. आणि आत ती पेटी कुठल्या तरी फळीवर भांड्याकुंड्यांसारखी पडलेली असते, चमकत वगैरे नाही. कित्येकांनी ते अवशेष पालथे घातले आणि तरी त्यांना ती दिसली नाही. पण हे एकदा केलं की बालमोराच्या आसपासचा मुलूख डोक्यात बसतो. पुढच्या वेळी कुणी त्या बाजूचं ठिकाण सांगितलं तर नकाशा उघडायची गरज पडत नाही.

ऑब्लिव्हियनने होकायंत्रावर बाण आणला. लोक म्हणतात, नको असेल तर बंद करा. स्कायरिममध्ये करून बघा. ज्याने काम दिलं तो गुहेचं नाव सांगतो आणि गप्प बसतो. ती नदीच्या वर आहे की डोंगरापलीकडे, हे पुष्कळदा कुणी बोलतच नाही, कारण बाण आहे म्हटल्यावर ते लिहायची गरजच उरली नाही. म्हणजे बाण बंद केला तर जुना खेळ परत मिळत नाही, नुसता आंधळा खेळ मिळतो. माझी खरी तक्रार ही आहे. त्यात ऑब्लिव्हियनपासून प्रत्येक संवाद आवाजात रेकॉर्ड होऊ लागला. मॉरोविंडमध्ये बहुतेक बोलणं नुसता मजकूर होता, त्यामुळे लेखक हवं तितकं लिहू शकत होता.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. मॉरोविंडमध्ये मुख्य कथेतल्या माणसालाही तुम्ही मारू शकता. भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा किंवा या बरबाद जगात तसेच राहा, असा संदेश येतो आणि खेळ चालू राहतो. पुढच्या दोन्ही गेममध्ये महत्त्वाची माणसं नुसती कोसळतात आणि थोड्या वेळाने उठून उभी राहतात. त्यामुळे तुमच्या हातून काही मोडण्याची शक्यताच संपते.

बदल नीट करताही येतात. एप्रिल 2025 मध्ये ऑब्लिव्हियनची रीमास्टर, म्हणजे नव्याने सजवलेली, आवृत्ती आली. मूळ गेममध्ये लेव्हल वाढवताना चांगले गुण मिळावेत म्हणून लोक हिशेब मांडून नको ती कौशल्यं वापरत बसायचे. आता दर लेव्हलला 12 गुण मिळतात, ते थोड्या मर्यादेत हवे तिथे वाटा. जग तेच, माणसं तीच, फक्त हिशेबाची कटकट गेली. आणि आजच्या खेळाडूला सगळं झटपट लागतं, हे मला पटत नाही. बाल्डर्स गेट या दुसऱ्या गेममालिकेचे पहिले दोन भाग रिअल टाइममध्ये चालायचे, पॉज करून हुकूम द्यायचे. 2023 च्या तिसऱ्या भागात लढाई पाळीपाळीने खेळायची, म्हणजे आणखी संथ, आणि तो जगभर डोक्यावर घेतला गेला.

तेव्हा मॉरोविंडला आणखी एक संधी द्या. पात्र बनवताना एक शस्त्र मुख्य कौशल्यात घ्या आणि सुरुवातीला तेच वापरा. शत्रू दिसला की पळणं थांबवा, दमाची हिरवी पट्टी भरू द्या, मग भिडा. लांबच्या गावांना जायला अवाढव्य किड्यांची सवारी आहे, थोडे पैसे देऊन बसा. आणि कुणी वाट सांगितली की डायरीतली ती नोंद उघडून पाटी दिसेपर्यंत सावकाश चाला.