गोप्रो नंतर, आधी अल्टिमीटर

स्कायडायव्हिंगचं ए लायसन्स, म्हणजे पहिलं लायसन्स मिळालं, मनापासून अभिनंदन! पण लगेच हेल्मेटवर गोप्रो लावू नकोस. अमेरिकेत यूएसपीए या पॅराशूट संघटनेची शिफारस आहे की किमान २०० उड्या झाल्यावरच कॅमेरा लावावा, आणि ती उगाच नाही. कॅमेऱ्यात पॅराशूटच्या दोऱ्या अडकू शकतात. त्याहून वाईट म्हणजे शूटिंगच्या नादात उंचीचं भान सुटतं. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही, तर २,५०० फुटांपर्यंत तुझा निर्णय झालेलाच हवा: ते सोडून द्यायचं आणि रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडायचं. त्याखाली हातात मोजके सेकंद उरतात.

पैसे आधी अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) आणि हेल्मेटवर घाल. जुनी रिग, म्हणजे पाठीवरचा पॅराशूटचा संच, घेणार असशील तर पैसे देण्याआधी रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) दाखव. रिझर्व्हच्या कार्डावरची तारीख स्वतः वाच. रिपॅकला, म्हणजे ते तपासून पुन्हा घडी घातल्याला, १८० दिवस उलटून गेले असतील तर उडी मारायची नाही. कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, मोठीच घे: गिअरसकट तुझं वजन १९० पौंड भरत असेल तर १९० चौरस फुटांहून लहान नको. विकणारा म्हणेल, "होईल सवय." अजिबात ऐकू नकोस.

व्हिडिओ हवाच असेल तर अनुभवी कॅमेरावाल्याला सोबत घे. आणि दुसऱ्याचं चुकलेलं लँडिंग त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नकोस. स्वतःचं मात्र आधी इन्स्ट्रक्टरला दाखव.