वाचकांचे प्रश्न : बुडालेली जहाजे, गुहा आणि समुद्रातील उभे कडे

प्रश्न : स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून मी १८ मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळवले आहे. एका सहलीत बुडालेले जहाज, गुहा आणि पाण्याखालचा उभा कडा अशी तिन्ही ठिकाणे आहेत. यांपैकी माझ्यासाठी सर्वांत सोपे कोणते?

उत्तर : काही बिनसले तर तेथून सरळ पृष्ठभागाकडे जाता येते का, हा प्रश्न आधी विचारावा. प्राथमिक अभ्यासक्रमात आपण संकटातले जे उपाय शिकलात, ते सगळे डोक्यावर मोकळे पाणी आहे असे धरूनच शिकवलेले असतात. गुहेत आणि जहाजाच्या पोटात हे गृहीत टिकत नाही. तेथे वर येण्यासाठी आधी आल्या वाटेने, कदाचित अंधारात, मागे जावे लागते. म्हणून जहाज बाहेरून पाहणे आणि त्यात शिरणे या दोन स्वतंत्र गोष्टी मानाव्यात. पहिली आपल्याला करता येईल, तीही खोलीची मर्यादा सांभाळून. लाल समुद्रात १९४१ मध्ये जर्मन विमानांनी बुडवलेले ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज सुमारे ३० मीटर खोल तळावर उभे आहे, म्हणजे त्याचा बराचसा भाग आपल्या प्रमाणपत्राच्या पलीकडे राहतो. त्याच्या कोठारांत आजही मोटारसायकली आणि ट्रक दिसतात, आणि आत डोकावण्याचा मोह नेमका तेथेच होतो.

कडा मोकळ्या पाण्यात असल्यामुळे निर्धोक वाटतो, परंतु माझ्या मते नवख्याला सर्वांत जास्त फसवतो तो कडाच. एरवी समुद्राचा तळ आपल्याला आपोआप थांबवतो. कड्याशेजारी थांबवणारे काही नसते, आणि पाणी स्वच्छ असले की खोलीचा अंदाजही येत नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका, वाढतो, त्यामुळे ३० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि सिलिंडरमधील हवाही जवळपास चौपट वेगाने संपते. त्याच दाबाने अंगातला वेटसूट (डायव्हिंगचा रबरी पोशाख) दबतो, त्याची तरंगण्याची शक्ती घटते आणि आपण न कळत आणखी खाली जाऊ लागतो. याच सुमारास नायट्रोजनची धुंदीही, म्हणजे दाबाखाली श्वासातल्या नायट्रोजनमुळे येणारी नशेसारखी गुंगी, चढू शकते. मग ज्या क्षणी मापकाकडे पाहायला हवे, त्याच क्षणी त्याची गरज वाटेनाशी होते. यासाठी कमाल खोली बुडी घेण्यापूर्वीच जोडीदाराशी ठरवून घ्यावी आणि नजर कड्यावरच्या प्रवाळांइतकीच खोली व वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवरही ठेवावी. एवढे पथ्य पाळणार असाल, तर प्रशिक्षकासोबत कड्याच्या वरच्या भागापासून सुरुवात करण्यास हरकत नाही.

प्रश्न : आमच्या गटातील अनुभवी मित्र म्हणतात की टॉर्च जवळ असेल आणि अर्धे सिलिंडर शिल्लक असेल, तर गुहेत थोडे आत जायला हरकत नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. मोकळ्या समुद्रातला अनुभव कितीही असला, तरी गुहेचे प्रशिक्षण त्यातून मिळत नाही. अमेरिकेतील गुहा-डायव्हर शेक एक्स्ली यांनी अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये काही मूलभूत नियम मांडले : प्रवेशद्वारापासून अखंड दोरी अंथरत जावे, परतीसाठी दोनतृतीयांश हवा राखावी, आणि गुहेत फार खोल जाऊ नये. ‘अर्धे सिलिंडर’ हा हिशेब येथेच चुकतो. समजा, दोघांच्याही सिलिंडरमध्ये सुरुवातीला २१० बार (बार हे दाबाचे एकक) हवा आहे. ७० बार वापरून झाल्यावर, म्हणजे मापक १४० दाखवत असतानाच, दोघांनी मागे वळायचे असते. उरलेल्यापैकी ७० आपल्या परतीसाठी आणि ७० जोडीदारासाठी असतात, कारण सर्वांत आतल्या टोकाला त्याची हवा बंद पडली तर दोघांना एकाच साठ्यावर बाहेर यावे लागते. अर्ध्यावर वळणाऱ्याजवळ त्याला देण्यासाठी काहीच उरत नाही.

टॉर्चही एक पुरत नाही. मुख्य एक आणि राखीव दोन, असे तीन दिवे प्रत्येकाकडे असावेत असा शिरस्ता आहे. शिवाय फिनचा (पायात घालायच्या पोहण्याच्या पंखाचा) एक चुकीचा फटका तळाचा बारीक गाळ उठवतो आणि क्षणापूर्वी दिसणारे गुहेचे तोंड दिसेनासे होते. गाळाच्या त्या ढगात कितीही प्रखर दिवा निरुपयोगी ठरतो, आणि हाताला लागणारी दोरी हीच परतीची वाट उरते. जहाजाच्या आतही हेच लागू पडते, आणि तेथे गंजलेला पत्रा, लोंबणाऱ्या तारा व अडकलेली जाळी यांची भर पडते.

प्रश्न : बुडालेल्या जहाजावरील एखादी छोटी वस्तू आठवण म्हणून आणता येते का?

उत्तर : आणू नये. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या मानवी वावराच्या अवशेषांना युनेस्कोच्या २००१ च्या करारात सांस्कृतिक वारसा मानले असून ते शक्यतो जागच्या जागी राखावेत असे म्हटले आहे. त्याहून नव्या जहाजांनाही अनेक देशांचे स्वतःचे कायदे संरक्षण देतात. ऑस्ट्रेलियाजवळ १९११ च्या चक्रीवादळात बुडालेल्या ‘योंगाला’वरील सर्वच्या सर्व १२२ जण मरण पावले. तेथे जहाजात शिरण्यासही मनाई आहे, आणि केवळ बाहेरून पाहण्यासाठी जगभरातून डायव्हर येतात.