अनोळखी डीबीए रात्री-अपरात्री एकमेकांच्या मदतीला का धावतात?

तुम्ही लिहिलंय की नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात तुमचा डेटाबेस मध्यरात्री अडकला आणि एका अनोळखी डीबीएने (डेटाबेस सांभाळणं हेच ज्याचं काम, अशा माणसाने) दोन तास बसून तो सोडवून दिला. ओळख ना पाळख, पैशाचा तर विषयच नाही. हे लोक असं का करतात आणि याची परतफेड करायची कशी, असा तुमचा प्रश्न आहे.

परतफेडीचं शेवटी सांगते. 'का' याचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. आम्ही मनाने फार मोठे असतो असं काही नाही, आम्ही घाबरलेले असतो इतकंच. अपडेट चालवताना व्हेअर (म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट) लिहायचं राहिलं, टेस्टची विंडो समजून प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या चालू डेटाच्या विंडोत एंटर दाबला, आणि पुढच्या क्षणी पोटात गोळा आला, हे आमच्यातल्या बहुतेकांनी भोगलेलं असतं. शिवाय हे काम एकट्याचं. डेव्हलपर दहा असतील तिथे डीबीए एक, फार तर दोन. शेजारच्या खुर्चीवर विचारायला कोणी नसतं, म्हणून मग ऑनलाइन, लांबच्या माणसाला विचारायचं.

माझी गोष्ट पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीच्या काळातली. डिस्क ९७ टक्के भरली होती. कशाने भरली ते बघितलं तर सगळी जागा 'पीजी एक्सलॉग' नावाच्या डिरेक्टरीने खाल्लेली. नावातच 'लॉग'. लॉग म्हणजे काय, जुने झाले की उडवायचे! हात कीबोर्डवर होता, पण काय वाटलं कोण जाणे, आधी प्रश्न टाकला: यातल्या जुन्या फाइल्स डिलीट केल्या तर चालेल ना?

काही मिनिटांत तीन ओळींचं उत्तर आलं. पहिली ओळ: काहीही डिलीट करू नका. दुसरी: हे वाचायचे लॉग नव्हेत, डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची ही आधी केलेली नोंद आहे, यातली गरजेची फाइल गेली तर सर्व्हर पुन्हा उठेलच असं नाही. तिसऱ्या ओळीत एक छोटी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) होती, फक्त वाचणारी, काहीही न बदलणारी, आणि 'याचं आउटपुट पाठवा' एवढंच.

आउटपुटमध्ये एक रेप्लिकेशन स्लॉट निघाला, निष्क्रिय. स्लॉट म्हणजे एखाद्या रेप्लिकेने (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, सतत ताजी राहणारी प्रत) कुठवर वाचलंय याची प्रायमरीवरची खूण. दहा दिवसांपूर्वी आम्ही एक रेप्लिका बंद केली होती, पण तिचा स्लॉट प्रायमरीवर तसाच राहिला होता. ती कधीतरी येईल आणि मागचं सगळं मागेल म्हणून सर्व्हर बिचारा एकेक फाइल सांभाळून ठेवत होता. माणूस गेल्यावरही पोस्टमनने त्याचं टपाल जपून ठेवावं, तसं. (पुढे २०२० मध्ये, १३ व्या आवृत्तीत, अशा स्लॉटने किती जागा अडवायची याला मर्यादा घालणारं सेटिंग आलं. तेव्हा ते नव्हतं.)

आता स्लॉट काढून टाकायची कमांड एका ओळीची आहे. ती त्या माणसाने लगेच दिली नाही. आधी विचारलं, 'ती रेप्लिका परत येणार नाही हे नक्की ना? तुमच्याकडे कोणाला तरी विचारून घ्या. मी थांबतो.' स्लॉट गेल्यावर ती रेप्लिका परत आली असती, तर बहुधा पहिल्यापासून उभी करावी लागली असती, म्हणून. मी सहकाऱ्याला झोपेतून उठवलं. त्याने सांगितलं, मशीन केव्हाच मोडीत निघालं. मग स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला (म्हणजे झालेले बदल डिस्कवर पक्के करून नको असलेल्या फाइल्स सोडायला लावल्या), आणि ९७ चे ४१ टक्के झाले.

'मी थांबतो.' आमच्या धंद्यातलं सौजन्य म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हे दोन शब्द सांगेन. 'कृपया', 'धन्यवाद', 'सर' हे सगळं ठीक आहे, पण ते नसलं तरी चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या हातात परत न फिरणारी कमांड द्यायची आणि निघून जायचं. टेबल फुगलंय म्हटल्यावर 'व्हॅक्यूम फुल' (टेबल आटवणारी कमांड) 'चालवा' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ते चालू असेपर्यंत टेबलाला कुलूप लागतं, साधं सिलेक्टसुद्धा, म्हणजे नुसतं वाचणंही, खोळंबतं, आणि टेबल नव्याने लिहिलं जात असल्यामुळे डिस्कवर जादा जागा लागते, हे त्याच श्वासात सांगणारा खरा सोबती.

अंदाजपंचे दाहोदरसे हाही याच जातीचा अपराध. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसच्या जगात ॲलेक्स गोर्बाचेव्ह यांनी अंदाजाने उत्तर देण्याविरुद्ध एक मोहीमच काढली होती, 'बॅटल अगेन्स्ट एनी गेस'. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'बाग' होते. मला ती बाग आवडते, पण तिथली झाडं कधीकधी जास्तच काटेरी असतात. आकडे आणल्याशिवाय बोलू नका म्हणणं बरोबर, पण कुठले आकडे आणि ते काढायचे कसे, हे नवख्याला कोणीतरी सांगायला हवं ना.

मीही काटा मारलेला आहे. एकदा एकाने लिहिलं, टेबल ड्रॉप झालंय (अख्खं उडालंय), काय करू? मी विचारलं, 'बॅकअप कुठे आहे?' प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य होता, सूर मात्र मास्तरांचा. तो माणूस परत काही बोललाच नाही. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि हे मला अजून खुपतं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे गिटलॅबचं, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरने, रेप्लिका समजून, प्रायमरी सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसायला घेतली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप बघायला गेले तर ते होतच नव्हते: डंप (डेटाची प्रत) घेणारं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस ९.२ चं, डेटाबेस ९.६ चा, म्हणून डंप फसत होता, आणि तो फसल्याच्या सूचनांच्या ईमेल मधेच नाकारल्या जात होत्या. योगायोगाने सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डिस्कची प्रत) सापडला, त्यावर निभावलं. त्यांनी हे काही लपवलं नाही. नोंदी सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवल्या, दुरुस्तीचं काम युट्यूबवर थेट दाखवलं. आणि जगभरचे डीबीए, सिस्टिमवाले त्या इंजिनिअरला धीर देत होते. अशा वेळी मिठी मारण्याचा एक हॅशटॅग फिरतो. देवनागरीत लिहिला तर भलतंच वाचलं जाईल, म्हणून राहू दे. त्या रात्री मीही माझे बॅकअप रिस्टोअर करून बघितले. दोनपैकी एक उघडला.

एरवी आमच्यात भांडणं कमी नाहीत. ओरॅकलवाले पोस्टग्रेसवाल्यांना, पोस्टग्रेसवाले मायएसक्यूएलवाल्यांना टोमणे मारतच असतात. पण त्याच जगात ओला हॅलेनग्रेन यांच्या मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरसाठीच्या मेंटेनन्स स्क्रिप्ट आहेत, ॲडम मचॅनिक यांचं, त्याच सर्व्हरवर आत्ता काय चाललंय ते दाखवणारं, 'हू इज ॲक्टिव्ह' आहे. दोन्ही फुकट, आणि वर्षानुवर्षं असंख्य डीबीए नव्या सर्व्हरवर आधी तेच टाकतात.

विचारणाऱ्याचंही थोडं कर्तव्य असतं. आवृत्ती सांगा. एरर जशीच्या तशी द्या, 'काहीतरी एरर येतेय' असं नको. क्वेरी प्लॅनचा (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्या आराखड्याचा) फोटो नको, मजकूर द्या. ग्राहकांची नावं-नंबर त्यातून काढा. झालं.

माझी डिस्क भरली त्या रात्री मी एक हलगर्जीपणा केला होता. जागा मोकळी झाल्यावर 'सुटलं, धन्यवाद!' एवढंच लिहून झोपले. दोन दिवसांनी त्याच माणसाने विचारलं, 'शेवटी काय केलंत ते लिहाल का? पुढच्याला लागेल.' मला ओशाळल्यासारखं झालं. याआधी कितीदा माझीच एरर शोधत शोधत मी एखाद्या जुन्या प्रश्नापाशी पोचले होते आणि तिथे शेवटची ओळ 'सुटलं' अशी बघून शिव्या घातल्या होत्या!

तर परतफेड ही अशी. पैसे देऊ करू नका, रोज वैयक्तिक मेसेज करून नवे प्रश्न तर अजिबात विचारू नका. तुमच्या प्रश्नाखाली जाऊन नीट लिहा: आवृत्ती कुठली, लक्षणं काय, आधी कशावर संशय होता, खरं कारण काय निघालं, कुठली कमांड कुठल्या क्रमाने दिली.

मीही मग तसंच लिहिलं. दरम्यान, २०१७ च्या ऑक्टोबरात पोस्टग्रेस १० आलं आणि त्या डिरेक्टरीचं नाव बदलून 'पीजी वॉल' झालं. नावातला 'लॉग' बघून फाइल्स उडवायला निघालेली मी एकटी नव्हते तर. इतके जण निघाले की शेवटी नावच बदलावं लागलं. नावावर अवलंबून असलेल्या कितीतरी स्क्रिप्ट मोडल्या, कुरकुरही झाली, पण बदललं.

चारेक वर्षांनी माझ्या त्या टिपणाखाली कोणीतरी एक ओळ लिहून गेलं: 'आज रात्री हेच लागू पडलं. फक्त डिरेक्टरीचं नाव आता वेगळं आहे.'